सरोजताईंची तहान

शाळेला निघाले होते तेव्हा सरोजताईंच्या वैशालीचा फोन आला. "मावशी, आई गेली." एवढंच बोलली. मी दारातल्या पायरीवरच बसले... दोनच दिवसांपूर्वी मी तिच्या आईला पाणी नाकारलं होतं.

सरोजताई वानखडे आमच्या संग्रामपूर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवत, मी मराठी. सोळा वर्षं आमचे वर्ग भिंतीला भिंत लागून होते, त्यामुळे त्यांचं परासरण मलाही पाठ झालेलं. मनुका साध्या पाण्यात टाकली की टम्म फुगते, तीच साखरेच्या दाट पाकात टाकली की आक्रसते. बारीक पडद्यातून पाणी पातळाकडून दाटाकडे जातं. पण पुस्तकावर त्या थांबत नसत. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. एका उन्हाळ्यात त्यांनी मला आपल्या शेतात नेलं. बोअरचं खारं पाणी देऊन देऊन मिरचीची रोपं माना टाकून उभी होती, आणि खाली माती ओली. "पाणी हाय, पण मातीतलं मीठ ते सोडत नाही. उलटं मुळातलंच ओढते," त्या म्हणाल्या. मी सहज बोलून गेले, "ताई, आपण तर हेच पितो."

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. कशामुळे, ते कोणत्याच डॉक्टरने ठाम सांगितलं नाही. मशीनवरच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा अकोल्याला जायचं म्हणजे शाळा सुटणार. त्यांनी घरी करायचा, पोटातला डायलिसिस निवडला. टांगलेल्या पिशवीतून नळीवाटे साखरेचं द्रावण पोटात सोडायचं आणि काही तासांनी काढायचं. पोटातल्या पातळ पडद्यातून ते रक्तातलं जास्तीचं पाणी ओढून घेतं. "शमीम, पाह्य, आता मीच मनुका झाली," म्हणत त्या हसल्या.

या हिवाळ्यात त्यांचे पाय सुजू लागले. जेवढं द्रावण आत सोडावं, त्याहून कमीच बाहेर येई. "पडदा थकला आता. साखरच झिरपून जाते, मंग पाणी कोण ओढीन?" ताई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, लगेच मशीनवर या. त्या म्हणाल्या, दहावीचे पेपर होऊ द्या. मी भांडले नाही. भांडायला हवं होतं.

शेवटच्या रविवारी दुपारी गेले, तेव्हा वैशाली औषधं आणायला निघाली होती. "आजचं ठरलेलं पाणी झालं तिचं. ती मांगन, पण देऊ नका," असं बजावून गेली. ताईंच्या अंगभर पाणी साचलेलं, आणि ओठ मात्र तडकलेले.

"एक घोट दे वं."

"नाही, ताई."

"काऊन? एका घोटानं काय होते?"

मी ओला रुमाल त्यांच्या ओठांवर फिरवला. त्यांनी तो दातांत धरला... सोडेनात. मीच ओढून घेतला.

मंगळवारी पहाटे त्यांना धाप लागली. छातीत पाणी भरलं होतं. अकोल्याच्या वाटेवर, गाडीतच त्या गेल्या. पेपरांना अजून तीन आठवडे होते.

परवा त्यांच्या घरी गेले. वैशालीने खोली आवरली होती, उरलेली द्रावणाची खोकी दुसऱ्या पेशंटला देऊन टाकली होती. पलंगाच्या वर भिंतीत एक खिळा तेवढा राहिला होता, पिशवी अडकवायचा. "काढीन म्हणते, पण हातच जात नाही," ती म्हणाली. पिशव्या बदलताना सांडलेल्या गोड थेंबांचे ओघळ खिळ्याखाली वाळलेले होते. मुंग्यांची एक बारीक रांग अजून त्या खिळ्यापर्यंत चढते, आणि परत खाली उतरते.