बेंझिनच्या बाटलीत गंगाजल

"जल्दी नको गं. आधी कागदाला विचारू," असं म्हणत काकू बाटलीतला एक थेंब कोऱ्या कागदावर टाकत आणि कागद उन्हात धरून उभ्या राहत. थेंब मागमूस न ठेवता उडाला, तर बेंझिन. तेलकट वर्तुळ राहिलं, तर घासलेट. मग आणणाऱ्याची धडगत नसे.

इंग्रजी अमलातली गोष्ट. संकठा घाटाजवळच्या आमच्या गल्लीत या शेजारच्या काकू सगळ्यांची रेशमी सोवळी आणि शालू स्वच्छ करून देत. तुपाच्या डागाला पाणी लावून भागत नाही, बेंझिनच लागतं. पण बेंझिन, तारपीन, घासलेट ही सगळीच पाण्यासारखी दिसणारी, आणि आम्ही बनारसची मराठी माणसं एकही रिकामी शीशी टाकून देत नसू! चौकातल्या औषधवाल्याने एकदा बेंझिनऐवजी बेंझॉइन, म्हणजे जखमेवर लावायचा लोबानाचा चिकट अर्क, पुढे केला. काकूंनी बूच उघडून हुंगलं आणि विचारलं, "भैया, साडी को घाव हुआ है क्या?"

बेंझिन काढण्याआधी त्या चूल विझवत, देवापुढचा नंदादीपसुद्धा शेजारी नेऊन ठेवत आणि मगच गच्चीवर बसत. "देवाला सांगून नेलाय," म्हणत.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. मला अक्षरओळख काकूंनी करून दिली, माझ्या वेण्याही त्याच घालत. पण त्या विधवा. माझं लग्न ठरताच त्यांनी सांगून टाकलं, "मी मंडपात यायची नाही. शालू नेसलेलं तुला बघावं असं फार मनात आहे, पण अपशकुन नको." हे त्या हसून बोलल्या, आणि मला त्या हसण्याचाच राग आला.

लग्नाच्या सकाळी शालूवर तूप सांडलं. बेंझिन घरात होतं, पण वडील पडले कर्मठ. विलायती औषध मुलीच्या अंगाला लागणार, म्हणून शुद्धीसाठी त्यांनी बाटलीत पळीभर गंगाजल ओतलं! काकूंनी बाटली उजेडात धरली. तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसत होता.

"भाऊजी, गंगामाई खाली जाऊन बसली बघा. जरीवर पाण्याचा डाग पडला असता ना!"

वडील ओशाळले. काकूंनी वरचं बेंझिन अलगद ओतून घेतलं, कागदाला विचारलं आणि डाग काढला. वाऱ्यावर वाळवलेला शालू आईच्या हाती देऊन त्या घरी निघून गेल्या.

अक्षता पडल्या आणि मी कुणालाही न विचारता काकूंची गच्ची गाठली. त्या मागे मागे सरकायला लागल्या. मी त्यांना घट्ट मिठी मारली. मागोमाग आलेले वडील जिन्यातच थांबले. माझ्या हातांवरची ओली हळद काकूंच्या पांढऱ्या लुगड्याला पाठीवर लागली.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या होत्या तेव्हा मी माहेरी गेले की ते लुगडं दोरीवर दिसायचं, हळदीच्या डागांसकट. मी विचारलं की म्हणायच्या, "हळदीपुढे बेंझिनचं काही चालत नाही, बाई."

ते खरंच होतं. पण हळदीचा डाग उन्हात उडतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि ते एक लुगडं त्या नेहमी सावलीत वाळत घालत.