पळीभर तीर्थ

माझी मुलगी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला किटो डाएट लावलं. दोन-दोन औषधं देऊनही फिट थांबत नव्हत्या. मेंदूला साखरेवर चालू द्यायचं नाही, चरबीवर चालवायचं, रिक्षा पेट्रोलवरून सीएनजीवर नेतात तसं, असं त्यांनी समजावलं. समजायला सोपं. करायला? तूप, पनीर, सगळं काट्यावर तोलून द्यायचं, आणि साखरेचा कण नाही.

क्रीमचे डबे मी उल्हासनगरहून आणायचे. डाएट माझंच समजून दुकानदार दर वेळी म्हणायचा, भाभी, वजन तो कम हुआ नहीं आपका. हसावं की रडावं!

घरात माझा नुसता जमदग्नी झाला होता. सासूबाईंनी एकदा नातीच्या हातावर खडीसाखर ठेवली, तर मी त्यांना नको नको ते बोलले. शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पेढे आणले की दारातूनच परत करायचे. भारीच शिष्ट आहे, म्हणायचे लोक. म्हणू देत. तीन महिने फिट आली नाही तरच वर्गात बसवू, असं शाळेने सांगितलं होतं. आता दहाच दिवस उरले होते. पोरीने दप्तर भरूनही ठेवलं होतं.

त्या रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. शिऱ्याचा द्रोण मी बाजूला सारला. मोठी हुशार मी! मग भटजींनी तीर्थाची पळी पुढे केली. पोरीने मूठ मिटली. सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी तिची मूठ उघडली.

"अगं, तीर्थाला नाही म्हणू नये."

माझ्या आईने मला हेच शिकवलेलं, तोंडातून आपसूक निघालं. दूध, दही, तूप, मध, साखर. पंचामृत मी स्वतः शंभरदा कालवलंय. लेकरू म्हणून भटजींनी आणखी दोन पळ्या दिल्या, आणि मी बघत उभी.

संध्याकाळी फिट आली. मी तिला कुशीवर वळवलं. शेजारीण कांदा हुंगवायला धावली, तिच्यावर खेकसले. तीर्थानेच झालं का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. पण मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि या वेळी कुणीच सापडेना. सासूबाई नातीचे पाय चोळत बसल्या. तेच जास्त लागलं.

शुद्धीवर आल्यावर पोरीने दप्तराकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, मी मूठ मिटली होती."