चार पावलांवरचं टेबल

हॉटेलच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला ‘पावणेसहा’ म्हणत. बाजारात जिला शेवंड म्हणतात आणि मेन्यूत लॉब्स्टर, तिची शेपटी निखाऱ्यावर ठेवली की बरोबर पावणेसहा मिनिटांनी तो ती उचलायचा. सव्वीस वर्षं, घड्याळाकडे न बघता. नवीन आलेले लोक मोबाइलवर वेळ लावून खात्री करून घेत आणि तोंडात बोटं घालत.

शेपट्या त्याच्यापर्यंत यायच्या त्याच मुळी नटूनथटून. पाठीवरून कापलेल्या, आतली काळी शीर काढलेली, पुस्तकासारख्या उघडलेल्या. त्याने लसणाचं लोणी फासायचं, आधी मांसाची बाजू जाळीवर, मग उलटून कवचाची बाजू, मग उचल, ताटलीत ठेव, वर स्टीलचं झाकण, घंटी. पुढे वेटरचं काम. वेटर ताटली घेऊन लिफ्टकडे जायचा आणि लिफ्ट वर. वर म्हणजे नवव्या मजल्यापर्यंत पाहुण्यांच्या खोल्या. पावणेसहा त्या लिफ्टमध्ये कधी चढला नव्हता. त्याची लिफ्ट वेगळी, ती कोळशाची पोती आणि कपड्यांचे गठ्ठे वाहायची.

मुख्य शेफ त्याच्या मागून फिरत राहायचा आणि दर दहा मिनिटांनी म्हणायचा, “क्विक, क्विक! पण घाई नको!” या वाक्याचा अर्थ सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

घरी मात्र त्याने कधी साधं अंडं उकडलं नव्हतं. दिवसभर विस्तवापुढे उभा राहणारा माणूस घरी येऊन पुन्हा विस्तवापुढे उभा राहील का, हा त्याचा युक्तिवाद. बायकोने तो मान्य केला नव्हता आणि खोडलाही नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर भिंगं बदलून बदलून विचारायची, “आता बरं दिसतंय की मघाशी?” ही सवय घरात पण आली होती. पंखा एक घर कमी केला तरी, “आता बरं की मघाशी?” मुलीने केस बांधले तरी तेच.

तर या घरात मेहुणा आला आणि त्याने काडी टाकली.

मेहुण्याचं टायरचं दुकान होतं आणि प्रत्येक वाक्य ‘म्हणजे कसं’पासून सुरू करायची खोड होती. “म्हणजे कसं, भाऊजी, माझ्या शेजारचा गाळा रिकामा झालाय. म्हणजे कसं, चार टेबलं मावतात. तुम्ही जाळी सांभाळा, मी लोक सांभाळतो. किती दिवस त्या तळघरात आयुष्य काढणार?”

पावणेसहाच्या मनात हे आधीपासून होतंच. त्याने त्याच आठवड्यात राजीनाम्याची चिठ्ठी लिहिली, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि तीन आठवडे द्यायची राहून गेली. मधे एकदा ती शर्टाबरोबर धुतलीही गेली. त्याने दुसरी लिहिली.

बायकोने अट घातली. “सव्वीस वर्षं मी फक्त ऐकतेय, माझ्यासारखी शेपटी कुणी भाजत नाही, कुणी भाजत नाही. एकदा आम्हाला खाऊ घाला. मला पटलं तर द्या चिठ्ठी. नाही पटलं तर ती परत धुवायला टाका.”

“पटेल गं तुला. त्यात काय!”

“मग रविवारी.”

“म्हणजे कसं, ताई, रविवारी बेस्टच,” मेहुणा म्हणाला. “सोमवारी मालकाला हो-नाही सांगायचंय. एक मोबाइल दुरुस्तीवाला पण त्या गाळ्यावर डोळा ठेवून बसलाय.”

रविवारी दुपारी मेहुणा बर्फाच्या डब्यातून आठ शेपट्या घेऊन आला. त्या सकाळपासूनच वितळायला काढलेल्या होत्या, एवढी अक्कल मासेवाल्याने दिली होती. गॅलरीत जुनी लोखंडी शेगडी, वर नवी जाळी. पावणेसहाने पांढरा एप्रन बांधला. घरात एप्रन बांधलेला बाप बघून लेक खुर्चीतच लोळायला लागली. ती दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायला बसायची, तिने लगेच तो आवाज लावला. “नमस्कार, आपली अपॉइंटमेंट किती वाजताची? पावणेसहा का?”

“हसा,” तो म्हणाला. “खाताना बोलून दाखवा.”

शेपट्या कापायला त्याला वेळ लागला. कात्री कवचात अडकायची. हे काम हॉटेलात शेजारच्या ओट्यावरचा माणूस करायचा आणि दिसायला सोपं दिसायचं. पण पहिल्या चार शेपट्या जाळीवर गेल्या आणि त्याचे खांदे खाली आले. आता तो आपल्या गावात होता. लोणी निखाऱ्यात ठिबकलं, धूर उठला, कवच लालभडक व्हायला लागलं. तो बोलायचा थांबला. लेकीने गुपचूप मोबाइल लावला होता. पाच मिनिटं पंचेचाळीस सेकंद, आणि चिमटा आपोआप पुढे आला.

“आई शप्पथ!” लेक ओरडली. “बरोब्बर!”

गॅलरीतून टेबल चार पावलांवर. त्याने चार पावलं टाकली, ताटल्या मांडल्या आणि मागे हात बांधून उभा राहिला. बसला नाही. सगळ्यांनी काटे खुपसले.

मेहुणा चावत राहिला. बराच वेळ चावत राहिला. “म्हणजे कसं...” म्हणाला आणि पुढचं वाक्य घासाबरोबर तोंडातच ठेवलं.

बायकोने शेपटी मधोमध उघडली, दिव्याकडे धरली आणि भिंग तपासावं तशी बघितली. कडेला पांढरं, मधे काचेसारखं आरपार. “अहो,” ती म्हणाली, “ही अजून पोहतेय.”

“शक्य नाही.”

“या, बघा.”

त्याने बघितलं. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली. चारही तशाच. “पावणेसहाच दिली,” तो म्हणाला, आणि साक्षीदार असल्यासारखं लेकीच्या मोबाइलकडे बघितलं. तिनेही होकारार्थी मान डोलावली. वेळ बरोबर होती, हाच तर घोळ होता.

“सव्वीस वर्षं लोकांना कच्चं घालताय?” बायकोने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळेना.

“एक ताटली परत आली नाही आजवर!”

 त्याचा हात खिशाकडे गेला, चिठ्ठी चाचपून परत आला. मेहुण्याने पाण्याचा पेला उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे असं बघायला लागला जणू ते विकत घ्यायचंय.

लेक विचार करत होती. “बाबा, तिथे तुम्ही उचलल्यावर काय होतं?”

“काय होणार? झाकण. घंटी.”

“मग?”

“मग वेटर. लिफ्ट. नववा मजला.”

“किती वेळ लागतो?”

“मला काय माहीत? मी कधी गेलोय वर?”

हे बोलून झाल्यावर तो स्वतःच थांबला. गरम ताटली, वर झाकण, आत कोंडलेली वाफ. शेपटी लिफ्टमध्ये शिजत होती. ही वेळ त्याला पहिल्या उस्तादाने शिकवली होती, आणि का, ते सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

पुढच्या तीन शेपट्या त्याने न बोलता लावल्या. पावणेसहाला उचलल्या, तापवलेल्या ताटात ठेवल्या, वर मोठं पातेलं पालथं घातलं, दोन फडक्यांनी धरलं आणि दार उघडून जिना उतरायला लागला.

“अहो! कुठे?”

“नवव्या मजल्यावर!”

घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारत चार मजल्यांची, तेव्हा तो खाली गेला, फाटकापर्यंत पोचला. वॉचमन खुर्चीतून अर्धा उठला. “काय साहेब, जेवण कुठे निघालं?”

“फिरायला.”

“बरं बरं,” वॉचमन म्हणाला आणि अर्धा बसला.

फाटकाला हात लावून तो परत वळला, चौथ्या मजल्यापर्यंत चढला, पुन्हा तिसऱ्यावर आला आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवली. श्वास लागला होता. पातेलं उचललं तेव्हा वाफेचा लोट बायकोच्या चष्म्यावर बसला. ती चष्मा पुसत असतानाच मेहुण्याने घास घेतला. लेक काहीतरी सांगत होती, डॉक्टरकडची कुठलीशी बाई. अर्ध्या वाक्यात तिने घास घेतला आणि ती बाई तिथेच राहिली.

पावणेसहा बघत होता. कुणी त्याची शेपटी खाताना तो पहिल्यांदा बघत होता. लेकीने बोटं चाटली. मेहुण्याने कवच कोरून काढलं, मग पालथं घालून वरून ठोकलं.

“म्हणजे कसं, भाऊजी,” अखेर तो म्हणाला, “गाळ्यात लिफ्ट बसवावी लागेल.”

“किंवा गिऱ्हाइकांना सांगू, पहिल्या घासाआधी चौकाला एक चक्कर मारून या,” लेक म्हणाली.

बायको हसली नाही. एक शेपटी उरली होती. ती घेऊन ती गॅलरीत गेली आणि म्हणाली, “हिच्याबरोबर जिने उतरायचे नाहीत. इथेच करा.”

त्याने लावली. ती शेजारी उभी राहिली. लोणी ठिबकलं, कवच लाल झालं, आणि वेळ झाली तसा चिमटा आपोआप पुढे आला. तिने त्याचं मनगट धरलं.

“थांबा.”

“झालं आता.”

“थांबा म्हटलं ना.”

मनगटाला ओढ होती, पाळलेल्या बैलाला घराच्या वळणावर असते तशी. तिने सोडलं नाही. मिनिटभर गेलं, आणखी थोडं. निखाऱ्यात लोणी चरचरलं.

“आता?” त्याने विचारलं.

“मला काय विचारता? स्वयंपाकी तुम्ही की मी?”

त्याने वाकून बघितलं. कडा आत वळल्या होत्या, मधे बोट दाबलं तर मांस बोटाला उलट ढकलत होतं. सव्वीस वर्षांत त्याने हे कधी बघितलंच नव्हतं, कारण तेव्हा शेपटी सहाव्या-सातव्या मजल्यावर असायची. “आता,” तो म्हणाला आणि उचलली.

चार पावलं. बायकोने काप घेतला, खाल्ला, थोडं थांबून दुसरा घेतला.

“आता बरं की मघाशी?” लेकीने हुबेहूब आईच्या आवाजात विचारलं.

“आता,” बायको म्हणाली. “मीठ कमी आहे. पण आता.” मग नवऱ्याकडे हात पुढे केला. “काढा ती चिठ्ठी. अशी चुरगळलेली देणार का? इस्त्री करून देते.”

सोमवारी इस्त्री केलेली चिठ्ठी एप्रनच्या खिशात घेऊन तो जाळीपुढे उभा राहिला. दुपारची पहिली घंटी त्यानेच वाजवली आणि वेटरच्या हातातून झाकलेली ताटली काढून घेतली.

“पावणेसहा, वेड लागलं का?” म्हातारा वेटर म्हणाला.

“एकदा नेऊ दे.”

शेफ ओरडला, “क्विक, क्विक! पण...” तोवर लिफ्टचं दार लागलं. वेटर कुरकुरत सोबत आलाच. लिफ्ट चौथ्यावर थांबली, सहाव्यावर थांबली. नवव्यावर जाड गालिचा होता, पावलांचा आवाजच येईना. वेटरने दार ठोठावलं. दार वीतभर उघडलं. आतून एक हात आला, ताटली घेतली, कुणीतरी थँक्यू म्हणालं आणि दार लागलं.

तो तसाच उभा होता.

“चला आता,” वेटर म्हणाला. “इथे थांबायची परवानगी नाही.”

खाली आल्यावर त्याने चिठ्ठी शेफपुढे ठेवली. शेफने उघडली, वाचली, पुन्हा वाचली.

“वर असं काय बघून आलास रे?”

“दार,” तो म्हणाला.

वर जाताना तो उलटून गेला होता त्या दोन शेपट्या जाळीवर तशाच होत्या, कुणी हात लावला नव्हता, आणि पावणेसहा मिनिटं भरत आली होती. तो गेला, त्या उचलल्या, आणि घंटी वाजवली.