उस्तादांचा हात

न्हाव्याच्या दुकानामागची खोली, एक लाकडी बाक, तेलाच्या बाटल्या आणि मालीश करणारे उस्तादांचे दोन हात, एवढ्या भांडवलावर त्यांचा सगळा संसार चालला. माणूस वाकडा होऊन आत यायचा आणि शिव्या देत का होईना, सरळ होऊन बाहेर पडायचा. कुणी कळवळलं तर उस्ताद म्हणायचे, "ओरडा, ओरडा! दुखणं तोंडावाटेच बाहेर पडतं." आपल्या अंगठ्यांचा त्यांना भारी गर्व होता, आणि तो फुकाचा नव्हता.

मग बायकोचा पाय गेला. ती कामाला होती त्या कपडे धुण्याच्या कारखान्यात ओल्या चादरींची गाडी उलटली, पाय खाली चिरडला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. जखम भरली, नकली पाय आला. पण तो चढवून उभं राहिलं की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. एके दिवशी उस्तादांनी कापलेल्या टोकाशी चाचपून पाहिलं, तर कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ लागली. त्यांचा चेहरा उजळला. गाठी मोडण्यातच तर त्यांची हयात गेली होती!

तेव्हापासून रोज सकाळी तेल कोमट व्हायचं, बायको पाय पुढे करायची आणि उस्ताद त्या गाठीवर अंगठा रोवायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. "बरं वाटतंय ना?" विचारलं की म्हणायची, "वाटतंय." उस्तादांना ते खरंच वाटायचं. गिऱ्हाइकाच्या नुसत्या चालीवरून कंबर ओळखणारा हा माणूस घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र ठार आंधळा. वर्षभर हे असंच चाललं.

शेवटी लेकीने हट्ट धरून दोघांना इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्या जागेवर बोटाने हलकीशी टिचकी मारली, तशी बायको खाटेवरून उसळलीच. "नसलेल्या पावलात वीज शिरते हो," ती रडत म्हणाली.

"कापलेली नस पुन्हा वाढायला बघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाट सापडली नाही की तिथल्या तिथे तिचा गुंता होतो. ही गाठ म्हणजे तेच. ती काढू आणि नसेचं टोक जवळच्या स्नायूत जाणाऱ्या बारीक नसेला शिवून देऊ, म्हणजे तिला जायला जागा मिळेल. हल्ली काही ठिकाणी पाय कापतानाच हे करतात. यांच्या वेळी झालं नाही."

"आणि मालीश?" उस्तादांनी विचारलं. "मी रोज जोर लावून मोडायला बघायचो."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "गाठ तुमच्यामुळे झाली नाही, काका. पण दाबल्यावर त्यांना फार दुखत असणार."

बाहेर पडल्यावर उस्ताद कसेबसे म्हणाले, "अगं, एकदा तरी ओरडायचंस."

"तुम्ही इतकं मन लावून करत होता," ती म्हणाली. "तुमचं मन कसं मोडू?"

माणसाने प्रेमापोटी छळावं, याहून वाईट ते काय?

शस्त्रक्रिया छान झाली. सुरुवातीचे आठवडे जड गेले, मग कळ हळूहळू ओसरली. नकली पाय घालून ती आधी जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागली. व्रण मऊ राहावा म्हणून नर्स घरी येऊन तेल चोळायची, आणि बायको तिच्याशी खुशाल गप्पा मारत बसायची. उस्ताद तेवढा वेळ दाराबाहेर उभे.

"आता उद्यापासून काका करतील," नर्स जाताना म्हणाली. "बाळाला लावतात तसं, अगदी हलक्या हाताने."

सकाळी बायकोनेच हाक मारली. "या ना. आता मुळीच दुखत नाही." तिने पाय पुढे केला. उस्तादांनी बोटांना तेल लावलं. बोटं टेकलीही नव्हती, तोच पाय झटकन मागे गेला.

"अहो, मी नाही ओढला," ती ओशाळून हसली. "आपोआप गेला. पुन्हा करा बरं."

पुन्हा हात पुढे आला. पुन्हा पाय मागे गेला. मग तिने मांडी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. "हं, करा आता. धरलाय मी."

उस्तादांनी तेलाचे हात आपल्याच सदऱ्याला पुसले. "राहू दे," ते म्हणाले. "नर्सबाईंनाच सांगू रोज यायला."