धुऱ्याजवळच्या दोन ओळी

पाटलाने माझी ओटी हिसडली. वेचलेल्या शेंगा मातीत सांडल्या. मी नऊ वर्षांची होते.

"काऊन घुसली वं? वावर अजून उभं हाय, दिसत नाही?"

वडनेर भोलजी माझं माहेर. भुईमूग निघाला की मागे मातीत राहिलेल्या शेंगा गरिबाने वेचायच्या. त्याला सरवा म्हणतात. गावाची रीतच ती. पण हा माणूस धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाला लागून, दोन ओळी मुद्दाम उभ्या ठेवायचा. दोन ओळी उभ्या, म्हणजे पीक निघालं नाही. पीक निघालं नाही, म्हणजे सरवा नाही. मागच्या शेंगा मातीत कुजायच्या. माझ्या आईने त्याला हात जोडले, आणि घरी येऊन मलाच मारलं.

माझी लेक शालू क्षयाने गेली. साध्या गोळ्यांना न जुमानणारा क्षय. रोज सुई. सुयांनी तिचे कान गेले, खोकला तसाच राहिला. सुईशिवायची नवी गोळी निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "ती एकच कंपनी करते. पेटंट आहे. मुदत संपेपर्यंत दुसऱ्याला करता येत नाही. आपल्यापर्यंत पोचत नाही, बाई."

शालूने मला विचारलं, "काय म्हन्ते वं माय?"

मी ओरडून सांगितलं, "बरी होशीन म्हन्ते!"

सगळ्या वॉर्डाने ऐकलं. ते खोटं अजून माझ्या घरात फिरतं. शालू नाही, तरी मी भिंतींशी मोठ्यानेच बोलते.

पेटंटची मुदत सरत आली तेव्हा रुग्णांच्या संघटनेची एक बाई मेहकरला भेटली. म्हणाली, कंपनीने त्याच औषधाचा क्षार बदलून नवं पेटंट मागितलं आहे, म्हणजे आणखी काही वर्षं दुसरं कोणी ते करणार नाही. बदलाने औषधाचा गुण वाढत नसेल तर कायद्याने पेटंट मिळत नाही, आणि हरकत कोणीही घेऊ शकतं.

"म्हंजे दोन ओळी उभ्या ठेवल्या," मी म्हटलं. तिला कळलं नाही. मग सरवा समजावून सांगितला. तिने हरकत लिहिली, मी सही केली.

पेटंट कार्यालयाची सुनावणी तिच्या ऑफिसात, संगणकावर झाली. पडद्यावर कंपनीचा वकील.

"आजी, शिक्षण किती?"

"चौथी."

तो हसला. "क्षार म्हणजे काय, माहीत आहे?"

"नाही."

"मग हरकत कशावर? आणि हळू बोला. हा बाजार नाही."

संघटनेच्या बाईने गप्प राहा म्हणून माझा हात दाबला. मला आईचे जोडलेले हात दिसले. मी माझा हात सोडवून घेतला.

"पोरगी बहिरी झाली तईपासून मले हळू बोलता येत नाही. तुम्हीच सांगा साहेब, क्षार बदलल्यानं तिचा खोकला जास्त थांबला असता काय?"

तो कागद चाळत राहिला.

निकाल यायचा आहे. शालू यायची नाही. त्या वॉर्डात आता दुसऱ्यांच्या पोरी खोकतात. कंपनीने उद्या तिसरी ओळ उभी ठेवली, तर तिच्यावरही हरकत घेईन. मोठ्याने.