या, बसा. काय अडलंय?

आमच्या प्रोग्रामिंगच्या ग्रुपवर कुणी नवीन आलं, की त्याला पहिला निरोप जातो, "या, बसा. काय अडलंय?" तो टाकायचं काम मी मागून घेतलंय. जुन्यांपैकी काहीजण हसतात. मोबाइलवर कुठं बसायचं म्हणे! हसू द्या. त्यांना कुणी दारात ताटकळत ठेवलं नसेल. मला ठेवलं होतं, आणि ते मी विसरायची नाही.

तेव्हा सोलापूरच्या एका लहानशा कंपनीनं मला चाचणीचं काम दिलं होतं. दवाखान्यात न जाता मोबाइलवरून नंबर लावता येईल, असं एक पान बनवायचं. सोमवारी सकाळी ते चालतं करून पाठवलं तर घरबसल्या नोकरी, नाहीतर राम राम. पोरगी अंगणवाडीत जाणारी, त्यामुळं अणदूरहून रोज सोलापूर गाठणं माझ्याच्यानं होणारं नव्हतं. बी.ए. झालेली मी, व्हिडिओ बघून बघून शिकले होते. पहिल्यांदाच कुणीतरी "करून दाखवा" म्हणालं होतं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी आठवडाभर मला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं. "तू तुजं पान कर, भाकरीचं मी बघती," एवढंच म्हणायच्या.

आणि रविवारी दुपारी ते पान रुसलं. 'नंबर लावा' हे बटण दाबलं की काहीच होईना. दुरुस्ती केली, परत दाबलं. ढिम्म! सुचेल ते बदलून पाहिलं, तरी ढिम्म. मग नाइलाजानं याच ग्रुपवर गेले. हजारो माणसं तिथं. अदबीनं लिहिलं, "नमस्कार सर, मी नवीन आहे. एक अडचण आहे, विचारू का?" आणि वाट बघत बसले.

आता तिथली रीत अशी, की आल्या आल्या प्रश्न मांडायचा. ते मला कुणी सांगितलं होतं? आमच्याकडं दारात आलेला माणूस लगेच कामाचं बोलत नाही. तो बसतो, पाणी पितो, पाऊसपाण्याचं विचारतो आणि अगदी उठता उठता म्हणतो, "बरं, तुमची फवारणीची टाकी मिळंल का उद्या?" रविवारी खंडोबाला आलेली अनोळखी माणसंसुद्धा आमच्या ओट्यावर टेकतात. त्यांच्यापुढं आधी तांब्या ठेवायचा, मग गाव विचारायचं. त्यामुळं कुणी "विचारा" म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं मला सुचलंच नाही. तिकडं ग्रुपवर दुसऱ्यांचे प्रश्न धडाधड येत होते, त्यांना उत्तरं मिळत होती. शेवटी एकानं लिहिलं, "विचारायचं ते सरळ विचारा, इथं चहापाणी मिळत नाही." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

तोंडात मारल्यासारखं झालं. पण गरज माझी होती. लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलनं फोटो काढला आणि टाकला. फोटो नाही, लिहिलेलं जसंच्या तसं टाकायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं. लगेच सुरू झाले. "हा फोटो आहे की कोडं?" "आधी शिकून या, मग विचारा." माझं डोकंच फिरलं. "तुम्ही काय आईच्या पोटातून शिकून आला होता का?" असं लिहून मी पाठवणारच होते, तेवढ्यात आत्या समोर आल्या.

"कोन काय बोललं का?" त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून विचारलं.

सगळं सांगितलं. त्या भडकल्याच. "दारात आलेल्या मानसाला बस म्हनायला पैसं पडत्यात व्हय त्यांना? तसल्यांच्या दारात उबंच ऱ्हाऊ नको."

"पण आत्या, उद्या सकाळी द्यायचंय हो!" म्हटलं आणि मला रडूच कोसळलं.

रडत होते तोवर मोबाइल वाजला. ग्रुपवरच, सगळ्यांच्या देखत, कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, या, बसा. फोटो चालतोय मला. काय होतंय ते सावकाश सांगा."

कोण, कुठला, काही माहीत नाही. पण देवाशपथ सांगते, घरातलंच माणूस आल्यासारखं वाटलं. मी ते न पाठवलेलं भांडण खोडलं आणि सगळं लिहून काढलं. त्यानं मला एकच गोष्ट करायला सांगितली. "बटणावर 'नंबर लावा'च्या जागी तुमच्या गावाचं नाव लिहा, जतन करा आणि पान परत उघडा. गाव दिसतंय का?"

दिसत नव्हतं.

"मग तुम्ही दुरुस्त करताय एक फाइल आणि उघडताय दुसरीच. लाजू नका, मी एकदा अख्खा रविवार असाच घालवलाय."

बाई गं! आमच्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कामातून गेलेली. केलेलं वाया जाऊ नये म्हणून मी सारखी पेनड्राइव्हवर नक्कल करून ठेवायची. दुपारी लाइट जाऊन आली, तेव्हा घाईत मी ती नक्कलच उघडली होती. दुरुस्ती होत होती लॅपटॉपमधल्या पानात आणि बटण दाबत होते पेनड्राइव्हवरचं. खरं पान कधीच नीट झालं होतं. ते उघडून बटण दाबलं. 'तुमचा नंबर लागला.' मी अशी ओरडले, की आत्या पिठाच्या हातानं पळत आल्या. लाइट परत जायच्या आत मी ते पाठवूनच दिलं.

सोमवारी दुपारी कंपनीचा फोन आला. एक तारखेपासून काम सुरू करा म्हणाले. आठवडाभराचं ओझं खाली ठेवल्यासारखं अंग हलकं झालं. मी आत्यांना मिठीच मारली. त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि तिथूनच वळून विचारलं, "आन् त्या बस म्हननाऱ्याला सांगितलंस का?"

मी जीभ चावली. आनंदाच्या भरात त्याला काल "चाललं" एवढंसुद्धा लिहिलं नव्हतं. लगेच कळवलं, "दादा, पान चाललं. नोकरी मिळाली." उत्तर तिथल्या तिथं आलं.

"हुश्श! कालपासून मोबाइल उघडून बघतोय. विचारणार होतो, पण म्हटलं, चाललं नसेल तर ताईंना आणखी वाईट वाटेल."

आत्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मंजे त्योबी वाट बघत बसला हुता," त्या म्हणाल्या.