पडदेवालीचा कॅप्टन

फोटो स्टुडिओत ती गेलेल्या माणसांचे फोटो नीटनेटके करायची. डाग पुसायचे, कॉलर ताठ करायची, एखाद्या आजोबांना लग्नाच्या घोळक्यातून अलगद बाहेर काढून मागे निळं आभाळ लावायचं. हात असा बसला होता की कुठे कापलंय ते सांगूनही सापडायचं नाही. स्टुडिओच्या मालकाचा एक दंडक होता: गिऱ्हाइकाला फोटो पोचला की आपल्याकडची फाइल लगेच पुसायची. दुसऱ्यांची गेलेली माणसं आपल्याकडे साठवून ठेवायची नाहीत. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पुसताना तिचं लक्षही नसायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उभ्या जन्मात विमानात बसला नाही, पण कामावरून आला की चहा गार होईपर्यंत कॉम्प्युटरवर विमान उडवायचा. खेळ सुरू व्हायला बराच वेळ लागे आणि तोवर पडद्यावर तेच ते चित्र. "पाहुण्याला दारात ताटकळत ठेवल्यासारखं वाटतं," तो कुरकुरायचा. मग तिनं त्याच्यासाठी सुरुवातीची चित्रं करायला घेतली. ओली धावपट्टी, ढगांवर पडलेली विमानाची सावली. खालचा भाग मुद्दाम मोकळा, कारण खेळ किती उघडला ते दाखवणारी पट्टी तिथे भरत जाते. चित्रं एका फोल्डरमध्ये टाकायची, आणि खेळ उघडताना त्यातलं कुठलं निघेल याचा नेम नाही. घरबसल्या विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांचा ऑनलाइन गट होता, तिथेही ही चित्रं गेली. तिला सगळे 'पडदेवाली' म्हणू लागले.

एकदा तिनं गंमत म्हणून चित्रात नवऱ्यालाच वैमानिकाच्या खुर्चीत बसवलं. खरा नवरा शेजारी बसून हुकूम सोडत होता. "टोपी जरा तिरकी कर. पोट कमी कर माझं. आणि मला मागे वळून बघताना दाखव. तुझ्याकडे." पोट तिनं होतं तेवढंच ठेवलं. बाकी सगळं ऐकलं.

पुढच्या हिवाळ्यात छातीत कळ आली आणि तो दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

तेव्हापासून ती कामावरून आली की खेळ उघडायची. विमान उडवणं तिच्या बापजन्मी जमलं नसतं. पडदा काळा व्हायचा, मग चित्र उमटायचं. बहुतेक वेळा धावपट्टी नाहीतर ढग. पण मध्येच कधीतरी तो यायचा, आणि पट्टी भरेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा. तेवढ्यात ती त्याला दिवसभरातलं काय काय सांगून घ्यायची.

"वहिनी, ते चित्र मोठं करून भिंतीवर लाव की," वरच्या मजल्यावर राहणारी नणंद म्हणायची.

"आपण उघडलं की तो फोटो असतो गं. इथे तो आपणहून येतो."

नणंदेनं कपाळाला हात लावला. पण चहा पिता पिता तिचीही नजर पडद्याकडे जायचीच. तिचा तो सख्खा भाऊ होता.

गटाचं सगळं पाहणाऱ्या मास्तरांनी एकदा जुनी चित्रं एकत्र मागितली. तिनं फोल्डर उघडलं, तेही चित्रं दिसणार नाहीत, नुसते क्रमांक दिसतील अशा बेतानं. त्याला असं चोरून बघणं तिला नको होतं. त्याचा क्रमांक सोडून बाकीचे वेगळे काढले आणि पाठवून दिले. निदान तिची समजूत तशी होती.

मग तो यायचा थांबला. आणि गटावर निरोप येऊ लागले.

"पडदेवालीताई, काल तुमचा कॅप्टन आला. कोण हो हा?"

"हा आला की माझं विमान झकास उतरतं!"

"आमची ही म्हणते, हा माझ्याकडेच बघतो. ही आता त्या खोलीत एकटी बसत नाही."

क्रमांकात आपण चुकलो हे तिला कळलं, पण तेवढ्यानं भागेना. परक्या घरांत, परक्या बायकांकडे तो मान वळवून बघत होता, आणि इथे ती खेळ बंद करून पुन्हा उघडत होती, पुन्हा बंद करत होती. त्याची रिकामी खुर्ची जरा कुरकुरली तरी ती दचकायची.

"अगं, चित्र आहे ते," नणंद म्हणाली. "एका वेळी शंभर घरी असतं."

"मग माझ्याच घरी का नाही?"

तिनं मास्तरांना लिहिलं: तो माझा नवरा आहे. तो आता नाही. कृपा करून सगळ्यांना तो पुसायला सांगा. मास्तर बिचारे ओशाळले. उत्तरं भराभर आली. काढला. माफ करा ताई. एकानं लिहिलं, हात जोडून काढला.

आता तरी तो घरी येईल म्हणून ती पडद्यासमोर बसली. धावपट्टी आली. पुन्हा धावपट्टी. नणंदेचा धीर सुटला. तिनं माउस ओढून घेतला आणि फोल्डर उघडलं.

त्यात अलीकडची चित्रं होती. जुनं एकच, त्याचा क्रमांक समजून तिनं मागे ठेवलेलं: ओली धावपट्टी.

हळूहळू तिला आठवलं. बाकीची जुनी चित्रं पाठवण्यासाठी तिनं इथून उचलून वेगळ्या ठिकाणी ठेवली होती. मास्तरांचं 'पोचली' आलं, तशी ती सगळीच्या सगळी पुसून टाकली होती, रोज स्टुडिओत पुसते तशी.

"पुन्हा करशील की," नणंद चाचरत म्हणाली.

"करीन. पण त्याला मी आणलेलं असेल."

तिनं मास्तरांना लिहिलं: कुणाकडे चुकून राहिला असेल तर मला परत पाठवा. माझ्याकडे तो नाही.

मास्तरांचं उत्तर लगेच आलं. "अरेरे, ताई! तुम्ही सांगितलंत म्हणून मी एकेकाला फोन केला. फोन चालू ठेवून पुसायला लावला. एकाचं मन होत नव्हतं, त्याला मी रागावलो. आता तो कुठेच नाही."